वरचा रुपया

फीचे पैसे परत आले. अकोल्याहून सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी निघालेली रक्कम दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा अकोल्यालाच, पुंजारामच्या खात्यात येऊन पडली. आणि ही वार्ता राजापेठेत आपल्या घरी बसलेल्या खुशालरावांना मोबाईलवरच्या चार शब्दांतून कळली. ‘दाजी पैसे वापस आले’. पुढे ना कारण, ना पूर्णविराम. खुशालरावांचे जेवण नुकतेच आटोपले होते. बडीशेपेची चिमूट तोंडाशी नेलेला हात तसाच थांबला, आणि त्यांच्या मनात भयाच्याही आधी एक समाधान उमटले. ते त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. तेहेतीस वर्षे त्यांनी बँकेच्या काउंटरवर काढली होती. काचेपलीकडचा इसम चुकलेला कागद घेऊन परत आला, की ते असेच छातीच्या डाव्या बाजूस हलकेच हलत असे. मी म्हटलेच होते. हा मनुष्य भरून दिलेला फॉर्मसुद्धा खिडकीपर्यंत धडपणे नेऊन देऊ शकणार नाही, हे मी बायकोला, कौशल्येला, रविवारीच म्हटले होते.

भय त्यानंतर आले, आणि ते आतल्या खोलीतून आले. तेथे त्यांची मुलगी आकांक्षा पलंगावर मांडी घालून, नागपूरच्या महाविद्यालयाचे पान दर दोन मिनिटांनी मोबाईलवर नव्याने उघडून पाहत होती. फिजिओथेरपीच्या पदवीची जागा. गेले अख्खे वर्ष तिने त्या जागेसाठी घरात बसून काढले होते. खालच्या मजल्यावर भाड्याने दिलेल्या ट्यूशन क्लासातली पोरे-पोरी गाड्या उडवीत येत-जात असताना ही वरच्या खिडकीत पुस्तक धरून बसे. फीच्या चलनाच्या खालच्या बाजूस ठळक अक्षरांत छापले होते, की आज सायंकाळी पाच वाजेपर्यंत शुल्क प्राप्त न झाल्यास जागा प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास देण्यात येईल. तीन लाख चाळीस हजार. हे पैसे खुशालरावांजवळ नव्हते. निवृत्तीच्या वेळी मिळालेले सर्व या वरच्या मजल्याच्या सिमेंटात गेले होते. म्हणून ते कौशल्येच्या धाकट्या भावाजवळ मागावे लागले होते. आणि ज्याच्याजवळ मागावे लागते, त्याच्यासंबंधी मनात किती घाण साठते, हे खुशालरावांना गेल्या आठ दिवसांत कळले होते. पुंजाराम आठवी नापास. अकोल्याला जठारपेठेत त्याचे मोटारपंप वाइंडिंगचे दुकान. नखांत काळे, बोटांना वार्निशाचा वास. आणि त्याने मागताक्षणी, अंगावरचा सदरा काढून द्यावा तितक्या सहज, “हाव ना दाजी, भाची हाय ते माही,” असे म्हणून टाकले होते. निदान थोडा वेळ तरी घ्यावयास हवा होता. विचार करण्याची सवय नसलेली माणसे अशीच उदार असतात, असे खुशालरावांनी तेव्हा मनाशी ठरविले होते.

त्यांनी फोन लावला.

“काय केलंस तू?”

“काई नाही केलं दाजी. फारम देल्ला, चेक देल्ला, मॅडमनं शिक्का मारला. गेले म्हने. आता मेसेज आला, वापस.”

“दुसऱ्याच खिडकीवर दिला असशील.”

“एकच खिडकी हाय अथी.”

“कागदावर काही सांडलंस? खाडाखोड केलीस?”

“हात नाही लावला म्या. पिशवीतून काहाडला का त्यायले देल्ला. मॅडमले इचारू का, काहून वापस आले थे?”

“नको. तू विचारशील आणि आणखी घोळ करशील. मी सांगेपर्यंत जागचा हलू नकोस. कोणाशी बोलू नकोस.”

“बरं,” पुंजाराम म्हणाला. त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता, याचाही खुशालरावांना तिटकारा आला.

ते खुर्चीत ताठ बसले आणि चलनाची प्रत समोर घेतली. मूळ प्रत त्यांनी पुंजारामला दिलीच नव्हती. तो ती हरवून बसला असता. शाखेचा संकेत अकरा अक्षरांचा, पाचवे स्थान शून्याचे, ते बरोबर होते. खात्याचा क्रमांक लांबलचक होता, कारण तो खरोखरीचा खाते क्रमांक नव्हताच. आकांक्षेच्या नावाने, या एका भरण्यासाठी यंत्राने जन्माला घातलेला तो आकडा होता. पैसा नावाने जात नाही, क्रमांकाने जातो. हे वाक्य त्यांनी तेहेतीस वर्षांत किती तोंडांवर फेकले असेल. लोकांना वाटे, पैसा म्हणजे कुरिअरचे पाकीट. त्यावर नाव लिहिले, गाव लिहिले, म्हणजे कोणीतरी दयाळू माणूस दार शोधीत जाईल. मोठ्या रकमेची पाठवणी एकेकटी, थेट, क्षणात होते. लहान रकमांच्या दर अर्ध्या तासाला मोळ्या बांधल्या जातात. आता रात्रंदिवस चालू असते हे सर्व, पण शाखेतली खिडकी मात्र माणसाच्या घड्याळावर चालते, आणि माणसे नेमकी खिडकी मिटण्याच्या पाच मिनिटे आधी येतात. घाम पुसत येतात. चेकवरची सही निराळी असते. कोड विचारला, तर पिनकोड सांगतात. पैसे उतरतील तेथे जमा करून घेणारा कोणी नसला, तर यंत्र ते तासा-दीड तासात मागे फिरविते, हे सांगितले तर “म्हंजे हरपले का?” असे विचारतात. त्या तोंडांचा एक लांब, संपता संपत नसलेला रांगेचा पट्टा खुशालरावांना आठवला. एकाही तोंडाचे नाव आठवले नाही. काचेतल्या त्या अर्धगोल भोकातून आलेले हात तेवढे आठवले, आणि त्या हातांतले चुरगळलेले कागद.

रविवारी पुंजाराम असाच हात पुढे करून बसला होता. अकोल्याहून सकाळच्या एसटीने आला, मूर्तिजापुरात घेतलेली भजी पिशवीतून काढून त्याने बहिणीपुढे ठेवली, आणि सतरंजीवर बसून कोऱ्या चेकवर वाकडीतिकडी सही केली. “बाकीचं तुमीच भरा दाजी. तुमचं अक्षर मोत्यावानी.” खुशालरावांनी जुने फॉर्मचे पॅड काढले. निवृत्त होताना त्यांनी बँकेतून आणलेली ती एकच वस्तू. शाईचे पेन काढले. कौशल्या चहाचे कप घेऊन उभी होती. आपण लिहीत असताना मागे कोणी उभे राहिलेले त्यांना आवडत नसे. परंतु त्या दिवशी आवडले. तिच्या भावाचे पैसे असले, तरी ते जाण्याचा मार्ग या हातातून होता. प्रत्येक रकाना त्यांनी असा भरला, की अकोल्याच्या शाखेतल्या कोणा पोरसवदा क्लार्काने पाहावे आणि समजावे, की कोठेतरी अजून काम जाणणारी माणसे आहेत.

मग चुकले काय? तेथली ती मॅडमच चुकली असणार. नव्या भरतीतली. या मुलींना पडद्यावरचे दिसते, कागदावरचे दिसत नाही. अंक टाकताना शेजारणीशी बोलली असेल. खुशालरावांनी बँकेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तेथे एका ध्वनिमुद्रित बाईने त्यांना एक दाबावयास, मग चार दाबावयास सांगितले, आणि मग बराच वेळ सतार ऐकविली. ते सतार ऐकत राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनच्या पुढे घसरला. खाली क्लासची एक तुकडी सुटून दुसरी आली. शंभर गाड्यांचे कर्णे एकात एक मिसळून खिडकीशी आदळले. हवा अशी होती, की भाद्रपदातले ऊन भिंतींना चिकटून राहावे. मानेवरून घामाचा एक थेंब निघाला, तो सावकाश पाठीच्या कण्यावरून कोठपर्यंत जातो, याकडे त्यांचे उगाच लक्ष लागले.

“अहो,” कौशल्या दारात येऊन म्हणाली, “थ्या बँकेतच इचारून पाहा ना. थो केवढ्या टाइमचा बसून हाय अथी.”

“तुझ्या भावाच्या तोंडाने विचारू?”

“कोनाच्याई तोंडानं इचारा. पाच वाजतीन.”

पस्तीस वर्षांच्या संसारात तिची भाषा सुधारली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि, तिने सांगितले म्हणून नव्हे अशा बेताने, थोडे थांबून, फोन लावला. पुंजाराम खरोखरच त्या बाकावर बसून होता. सांगितल्याप्रमाणे. सव्वा तास. मागे शाखेतल्या यंत्राची नोटा मोजण्याची फडफड ऐकू येत होती.

“मॅडमना दे.”

आवाज तरुण होता, पण घाईचा नव्हता. तिने आपले नाव दामिनी सांगितले. “काका, नमस्कार. नाव, खातं, कोड, सगळं बरोबर आहे. रक्कम जुळली नाही. आत्ता यांच्या भाचीनं चलनाचा फोटो पाठवला, तेव्हा कळलं. चलन आहे तीन लाख चाळीस हजाराचं, आणि आपल्याकडून एक रुपया वर गेला. तिकडे सगळं यंत्रावर असतं ना, एक रुपया कमी असो का जास्त, ते पूर्ण रक्कमच घेत नाही. मला सकाळीच वाटलं होतं. मी यांना विचारलं, काका, हा वरचा एक कशाला, तर ते म्हणाले, की...”

“काय म्हणाला, ते मला ठाऊक आहे,” खुशालराव म्हणाले. “त्याला फोन द्या.”

शकुन! केवळ एवढ्याकरिता. आता त्यांना सर्व लख्ख दिसले. लग्नाच्या मांडवात पाकिटाला चिकटविलेले ते नाणे, साखरपुड्याचे पाचशे एक, बारशाचे एकशे एक. शून्यावर संपणारी रक्कम अशुभ. हा अख्खा मुलूख एका रुपयाच्या आधाराने उभा आहे. बाहेर जग प्रकाशाच्या वेगाने पैसे हलविते, आणि हे लोक त्या प्रकाशाच्या कपाळाला हळद लावावयास धावतात.

“पुंजाराम, ही फी आहे. आहेर नव्हे.”

खुशालरावांनी समोरच्या चलनावर बोट आपटले.

“भाचीला शिकवायला निघालास, आणि शकुनाचा रुपया जोडतोस? तुझ्या त्या एका रुपयापायी तिची जागा जाईल, कळतं का तुला? आठवी तरी पास व्हायचं होतंस रे.”

“हाव दाजी,” पुंजाराम म्हणाला. “चुकलं.”

“दुसरा चेक आहे?”

“चेकबुक दुकानात हाय. घेऊन येतो.”

“साडेतीनला खिडकी बंद होते. आणि या वेळी तू पेन हातात धरू नकोस. त्या मॅडमकडून लिहून घे.”

“त्यायच्याच हातानं लिवून घेतो,” पुंजाराम म्हणाला, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही. रागाने अंग हलके होते. खुशालरावांना तसे हलके वाटले, आणि ते हलकेपण फार वेळ टिकावे, असेही वाटले. त्यांनी पुंजारामला मनात रस्त्याने धावताना पाहिले. तो धावत असेल. स्कूटर सावलीत लावण्याइतकाही शहाणा नसेल, तापलेल्या सीटवर बसून, त्या धुळीच्या रस्त्याने. दुकानात जाईल. तांब्याच्या तारेची रिळे, जळक्या मोटारींची उघडी पोटे. एकदा या घरचा बोअरचा पंप जळाला, तेव्हा पुंजाराम येथेच अंगणात बसून वेढे भरीत होता. ओठ हलत होते. कोणी बोलले, तर बोट वर करी. मोजणी चालू आहे. कौशल्या पाणी घेऊन गेली आणि थट्टेने म्हणाली, “दोन वेढे जास्तीचे देऊन टाक ना रे, मजबुतीले.” त्याने पुढचे सात-आठ वेढे मोजून संपविले, तारेवर खूण केली, आणि मग हसून म्हणाला, “ताई, हे आहेर नोहे. एक वेढा वर गेला, का पूरी मोटार जळते.”

आहेर नोहे. खुशालरावांनी हे शब्द आज कोठून आणले होते? अगदी हेच. त्यांना वाटले, आपलेच आहेत; परंतु ते उसने होते, आणि ज्याचे होते त्याच्याच अंगावर आपण ते फेकले. ही एक क्षुल्लक गोष्ट. तरी ती दातांत अडकलेल्या बडीशेपेच्या काडीसारखी सलू लागली. वेढे मोजणारा मनुष्य. शंभर माणसे बोलत असताना आकडा न सोडणारा. त्याने भरलेल्या, सही केलेल्या फॉर्मवर, शाईच्या पेनाने लिहिलेल्या रकमेच्या शेवटचे शून्य खोडून एक केला असेल? आणि अक्षरांत? ‘तीन लाख चाळीस हजार’च्या पुढे, त्या वाकड्या सहीच्या हाताने? चेकवरही? “हात नाही लावला म्या,” असे तो म्हणाला होता. खाडाखोड असलेला चेक तर त्या दामिनीने घेतलाच नसता.

त्यांना आपला उजवा हात मांडीवर पडलेला दिसला. नातलगांतल्या, ओळखीपाळखीतल्या कोणत्याही लग्नात आहेराची वही या हाताकडे येत असे. अक्षर मोत्यासारखे, आणि शिवाय बँकेतले. मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर कुंकवाची वाटी, पाकिटे. लोक येत, नाव सांगत, रक्कम सांगत. ते “पाचशे” म्हणत, आणि हा हात पाचशे एक लिही. “हजार” म्हणत, हा हजार एक लिही. सांगावे लागत नसे. कित्येकदा नाणे नंतर येई, एक आधीच लिहिलेला असे. किती वर्षे? रविवारी कौशल्या मागे उभी होती, कपांतल्या चहाचा वास येत होता, मामा भाचीसाठी देत होता, पुढ्यात बसलेला माणूस वाकून पाहत होता. आणि हा हात, मालकाला न विचारता, मांडवात गेला होता.

त्यांनी कपाटातून फॉर्मचे पॅड काढले. वरचा कागद कोरा होता. त्यांना दाबून लिहिण्याची सवय होती. कार्बन खालपर्यंत उमटला पाहिजे, अशी जुन्या काळची सवय. त्यांनी पॅड खिडकीशी नेले आणि उन्हात तिरपे धरले. कोऱ्या कागदावर, रविवारच्या पेनाच्या टोकाने पडलेले खळगे हळूहळू सावली धरू लागले. तीन, स्वल्पविराम, चार. शून्ये. शेवटी एक सरळ, आत्मविश्वासाने ओढलेली उभी रेघ. खाली अक्षरांत, जागा नीट मोजून, ‘एक फक्त’. अक्षर खरोखरच सुंदर होते.

आता पुंजाराम चेकबुक घेऊन परत फिरला असेल, किंवा नसेल. फोन करून सांगावे का? काय सांगावे? तीन वाजून दहा. त्याला सांगितले, तर तो गाडी बाजूला घेऊन ऐकेल; वेळ जाईल. हे कारण मिळाल्याबरोबर खुशालरावांनी ते दोन्ही हातांनी धरले. आणि तो माणूस “चुकलं” का म्हणाला? भित्रा असतो असा. वाद टाळतो. बुद्धी नसली, की माणूस सर्व गोष्टींना हो म्हणतो. ते हे मनात म्हणत होते, परंतु वाक्ये पूर्वीसारखी चालत नव्हती. प्रत्येक वाक्य निघाले, की थोड्या वेळाने मागे फिरून येऊन पडत होते. पॅड त्यांनी कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवले.

साडेतीनला पाच मिनिटे असताना पाठवणीचा बावीस अक्षरांचा क्रमांक मोबाईलवर आला. त्याखाली पुंजारामचे, ‘गेले दाजी’. चार वाजून सहा मिनिटांनी आकांक्षा आतल्या खोलीतून बाहेर आली; तिने मोबाईल आधी आईपुढे धरला. शुल्क प्राप्त. प्रवेश निश्चित. कौशल्येने तिच्या पाठीवर हात फिरविला, फिरवीतच राहिली. मग मोबाईल पुन्हा वाजला, आणि आकांक्षा डोळे पुसता पुसता हसू लागली.

“मामाने एक रुपया पाठवला, बाबा. वेगळा. दोन सेकंदांत आला पाहा. लिहिलंय, ‘शकुन’.” ती आईकडे वळली. “मामा पण ना. बाबा एवढं ओरडल्यावर सुद्धा.”

ती मैत्रिणीला फोन लावीत आत गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत राहिला. मामाने काय केले माहीत आहे का, एक रुपया जास्त टाकला, आणि एका रुपयापायी सगळे पैसे परत. ती हे आज मैत्रिणीला सांगते आहे, उद्या वसतिगृहात सांगेल. पुढे तिच्या लग्नात कोणीतरी आहेराच्या टेबलापाशी सांगेल, आणि पुंजाराम तेथे उभा राहून सर्वांबरोबर हसेल. आपण वही लिहीत असू.

कौशल्या जेवणाच्या जागेवरची बडीशेपेची वाटी उचलण्यास वाकली.

“कौसल्या,” खुशालराव म्हणाले. त्यांचा आवाज घोगरा, आणि फार वर्षांपूर्वीच्या कोणत्यातरी गावाकडचा निघाला. “थो एक म्या लिवला होता.”

तिने वाटी उचलली. तळाशी राहिलेले दाणे बोटाने एका बाजूस केले.

“पाह्यला होता म्या,” ती म्हणाली. “रविवारीच. पुंजारामनंई पाह्यला. त्यानं माह्याकडं पाह्यलं, म्या त्याच्याकडं.”

“मंग सांगतलं काहून नाही?”

ती सरळ उभी राहिली. पस्तीस वर्षांत बहुधा प्रथमच, तिने त्यांच्याकडे वेळ घेऊन पाहिले.

“तुमाले?” ती म्हणाली, आणि वाटी घेऊन आत गेली.